परवा यादी सुधीरकडे

ब्योब्लिंगेन
सोमवार, २९ मार्च २००४

ताई,

शनिवारी तुझा फोन आला तेव्हा मी इस्त्री करत होतो. सहा वर्षांनी बहिणीचा आवाज, आणि पहिलं वाक्य काय, तर "काय केलंस रे माझ्या पोराचं?" कसा आहेस नाही, जेवलास का नाही. मी फोन ठेवला तो रागाने नव्हे. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं आणि मग ज्याला जे हवं ते त्याने ऐकलेलं असतं. कागदावर तसं होत नाही. म्हणून लिहितो. सुरुवातीला 'आपण' लिहिलं होतं, तो कागद फाडला. 'तू'च म्हणतो.

आधी एक खुलासा हवा. सत्यजितला तेवीस तारखेला काढलं, तू सत्तावीसला फोन केलास. मधल्या चार दिवसांत तुला कोणी सांगितलं? त्याने, की तुझ्या सुनेने, निधीने, की हॅनोव्हरहून त्या सुधीरने? आणि कोणत्या शब्दांत? हे मला कळलं पाहिजे.

आता हकीकत. आमची कंपनी एका छोट्या देशाच्या लष्करासाठी मनुष्यबळाची संगणक प्रणाली तयार करते. देशाचं नाव लिहीत नाही, करारात मनाई आहे. त्यांचं सगळं सैन्य मिळून आठ हजार चारशे बारा पदं. खडकी बाजारात रविवारी याहून जास्त माणसं असतील. पण सैन्य लहान म्हणून कटकट लहान नसते, उलट वाढते. एक शिपाई परदेशी मोहिमेवर पाठवायचा तर यादीत तीन लागतात: एक तिथे, एक नुकताच परतलेला, एक जायच्या तयारीत. बाल्कनमध्ये त्यांची शहाण्णव माणसं आहेत, म्हणजे घरच्या यादीत ती दोनशे अठ्ठ्याऐंशी झाली. इथल्या पदवीधरांना हे गणित मी शिकवलं. खडकीच्या लष्करी नोंदणी कचेरीत सतरा वर्षं कारकुनी केली ती फुकट गेली नाही.

यंदा त्यांच्या सरकारने लष्कराचा खर्च चौदा टक्क्यांनी कापला. कुठली पदं जाणार त्याची यादी आमच्या प्रणालीतून निघायची होती. उत्तरेकडची बंदरावरची छावणी बंद होणार होती. मंत्री गुरुवारी, अठरा मार्चला, ते जाहीर करणार, तोवर यादी गुप्त. ती पाहण्याची परवानगी आमच्याकडे अकरा जणांना. मंगळवारी, सोळाला सकाळी, तिथल्या वर्तमानपत्रात आकड्यासकट बातमी आली. शिपायांच्या बायका पातेली आणि डाव घेऊन छावणीच्या फाटकावर बसल्या. मंत्र्याचा फोन आमच्या वरिष्ठांना, वरिष्ठांचा आमचे विभागप्रमुख हेर, म्हणजे श्रीयुत, क्लाइनर्ट यांना. त्या दिवसापासून ऑफिसात कोणी कोणाजवळ बसून जेवत नाही. प्रिंटरला कुलूप लागलं. कॉफीच्या यंत्रापाशी दोघं उभे राहिले की तिसरा मागे फिरतो.

बुधवारी सत्यजितच्या टेबलावर एक पिवळी चिठ्ठी सापडली, मंगळवारच्या तारखेची, मराठीत. तिचं जर्मन भाषांतर झालं. त्यावरून असं दिसलं की यादी त्याने बातमीच्या आधीच सुधीरला दिली. सुधीर आमच्या हॅनोव्हरच्या शाखेत गिऱ्हाइकाच्या माणसांना प्रणाली शिकवणाऱ्या विभागात आहे, परवानगीच्या अकरांत नाही. शुक्रवारी सत्यजितची चौकशी झाली, पुढच्या मंगळवारी नोटीस. इथल्या कायद्यात याला शब्द आहे, फरडाख्ट्सक्युंडिगुंग. गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही, संशय पुरेसा दाट असला की काढता येतं. त्याने आर्बाइट्सगेरिष्टात, म्हणजे कामगार न्यायालयात, दावा लावलाय. तो चालेल तोवर चालेल. पण त्याचा इथला परवाना नोकरीला जोडलेला आहे. परदेशी लोकांच्या कचेरीने त्याला तीन महिने दिलेत. तेवढ्यात दुसरी नोकरी नाही तर बॅगा भरायच्या. आणि असा डाग घेऊन नोकरी कोण देणार, हे तुला सांगायला नको.

यात मी काय केलं असं विचारत असशील तर, काही नाही. मी त्याला तीन वर्षांपूर्वी इथे आणलं, एवढंच केलं.

वासुदेव

ता.क. पाकिटावर तू पूर्वी बॉबलिंगेन लिहायचीस. ते ब्योब्लिंगेन आहे.


ब्योब्लिंगेन
शुक्रवार, ९ एप्रिल २००४

ताई,

पत्र बुधवारी पोचलं आणि बुधवारीच तू फोन केलास. पत्राला पत्राने उत्तर द्यावं हा साधा रिवाज तू शाळेत मुलांना शिकवत होतीस. असो. या वेळी मी फोन ठेवला नाही, आणि सगळं ऐकून घेतलं, याची नोंद घे.

तू विचारलंस, "भाषांतर झालं म्हणजे? आपोआप झालं का रे? पाऊस पडला, ऊन पडलं, तसं भाषांतर पडलं?" मराठी शिकवणाऱ्या बाईशी कर्ता गाळून बोलू नये हे मी विसरलो.

मी केलं.

पण आधी पूर्ण ऐक. बुधवारी दुपारी क्लाइनर्टनी मला बोलावलं. म्हणाले, "हेर टिपणीस, या ऑफिसात तुमच्याइतका काटेकोर माणूस नाही. इथे काय लिहिलंय ते सांगा." समोर चिठ्ठी. मी अक्षर ओळखलं. लहानपणी त्याचा 'ध' आणि 'घ' मीच सुधारला होता, अजून सुधारलेला नाही. बाहेरच्या भाषांतरकाराला दिलं असतं तर ते चाळीस पानी करारावर सही करून, आठवडा लावून झालं असतं. मी उभ्या उभ्या केलं. माझं जर्मन मी कुठल्या वर्गात शिकलो नाही. जिन्यातली झाडलोटीच्या पाळीची पाटी, भाडेकराराची बारीक अक्षरं, वाचनालयातली जुनी वर्तमानपत्रं, यांच्यावर शिकलो. क्लाइनर्ट स्वतः म्हणतात की माझं व्याकरण त्यांच्यापेक्षा चांगलं आहे.

तू चिठ्ठीतले नेमके शब्द मागितलेस. नेमके देतो. वर तारीख, १६.३. खाली तीन शब्द: "परवा यादी सुधीरकडे." शेवटी टिंब आहे. माझं भाषांतर: "Vorgestern: Liste an Sudhir." म्हणजे रविवारी यादी सुधीरला दिली, मंगळवारी बातमी फुटली. सरळ आहे.

आणि रविवारी सत्यजित होता कुठे? हॅनोव्हरला, सुधीरच्या घरी. सुधीरच्या मुलीचं बारसं होतं. स्टुटगार्ट, ब्योब्लिंगेन, झिंडेलफिंगेन इथली ओळखीची सगळी मराठी माणसं गेली होती. मिनीबस केली होती. मला बोलावणं नव्हतं. का, ते मला माहीत आहे. दिवाळीला सुधीरच्या बायकोने, शुभदाने, अनारशांच्या पिठाचं प्रमाण चुकीचं सांगितलं ते मी चारचौघांत दुरुस्त केलं. प्रमाण चुकलंच होतं. त्यावर कोणीतरी म्हणालं, "काका आले की घरात ऑडिट येतं." सत्यजित हसला. त्याला हसायचं कारण नव्हतं.

हे मी अशासाठी लिहितो की मला बोलावलं नाही म्हणून मी सूड घेतला, असं निधी लोकांना सांगते आहे. सुधीर सांगतो. तूही उद्या म्हणशील. अनारशांसाठी कोणी भाच्याची नोकरी घालवत नाही. रविवारी तो तिथे होता ही वस्तुस्थिती आहे. आणि ज्यात लपवण्यासारखं काही नाही ते जर्मन ऑफिसात मराठीत कशाला लिहावं? माझी स्वतःची टिपणवही मी मोडीत लिहितो, पण ते वेगळं.

भाऊजींना माझा नमस्कार सांगू नकोस. सत्यजितच्या लग्नात त्यांनी व्याह्यांना माझी ओळख करून दिली ती मी विसरलेलो नाही. "हा आमचा मेहुणा वासुदेव. मॅट्रिक, पण हुशार." त्यातला 'पण' मी सहा वर्षं बरोबर घेऊन हिंडतोय.

वासुदेव


ब्योब्लिंगेन
रविवार, १८ एप्रिल २००४

ताई,

काल तू एकोणतीस मिनिटं बोललीस. त्यातली निम्मी मला झापण्यात गेली. शब्द टिपून ठेवलेत.

"वासू, क्रियापद कुठे आहे? दाखव मला. परवा गेला, परवा जाईन. क्रियापद असलं की परवा आपल्या जागी बसतो. क्रियापद गाळलं की मोकाट सुटतो, मागे पण धावतो, पुढे पण. सातवी ब ला मी तीस वर्षं हे सांगत आले आणि माझा भाऊ जर्मनीत जाऊन नापास झाला."

मग म्हणालीस, "सोळा तारखेचा परवा म्हणजे अठरा नाही का रे? मंत्री कधी बोलणार होता?"

अठराला. गुरुवारी. हे मीच तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं.

आता माझी बाजू. अठराला दुपारी बाराला मंत्री बोलणार, त्यानंतर यादी गुप्त राहणार नव्हती. शिकवणीसाठी ती सुधीरकडे पाठवायची हे काम सत्यजितचंच होतं, नियोजनात तसं लिहिलेलं आहे. तेव्हा तुझा अर्थही लागतो, हे मी नाकारत नाही. पण माझाही लागतो. दोन अर्थ लागत असतील तर आजूबाजूच्या गोष्टी पाहून एक निवडायचा असतो. रविवार, हॅनोव्हर, सुधीरचं घर. मी त्या पाहिल्या आणि निवडला. हे काम डोक्याचं आहे, डिक्शनरीचं नाही.

तू शेवटी हळू आवाजात विचारलंस, "चौकशीत सत्यजितने हे सांगितलं नाही का?" मी म्हणालो, लाइन तुटतेय. लाइन तुटत नव्हती.

सांगितलं होतं. एकोणीसला, शुक्रवारी. "हेर क्लाइनर्ट, या शब्दाचे दोन्ही अर्थ होतात, कोणाही मराठी माणसाला विचारा." क्लाइनर्टनी मलाच बोलावलं. दुसरं कोणाला बोलावणार? बाकीचे मराठी लोक मिनीबसमधून बारशाला गेलेले, म्हणजे त्यांच्या लेखी तेही संशयित. सत्यजित खुर्चीत बसला होता. कोट घातला होता, लग्नातला. क्लाइनर्टनी विचारलं, "असं खरंच आहे का? एकच शब्द, मागचाही आणि पुढचाही?" मी म्हणालो, "व्याकरणात शक्य आहे. पण इथे नाही. इथे फोरगेस्टर्न, होऊन गेलेला परवा."

क्लाइनर्टनी परत विचारलं, "खात्री?"

"गेनाऊ," मी म्हणालो. म्हणजे अगदी, नक्की.

मला हे लिहायला अख्खी रात्र लागली. त्या खोलीत दोन वाक्यं बोलायला किती वेळ लागला असेल? बुधवारी मी केलेलं भाषांतर शुक्रवारी चुकीचं असू शकतं, असं म्हणणं म्हणजे क्लाइनर्टसमोर मी... ते पुढे लिहीत नाही. सत्यजित माझ्याकडे बघत होता. "मामा," एवढंच म्हणाला. जर्मन माणसांसमोर त्याने पहिल्यांदा मला मामा म्हटलं. ऑफिसात तो मला हेर टिपणीसच म्हणायचा, मीच तसा नियम घातला होता.

पण ताई, यावरून तो निर्दोष ठरत नाही. शब्दाला दोन अर्थ आहेत, तसे माणसालाही असू शकतात. यादी फुटली, ती कोणीतरी फोडली. अकरांपैकी एकाने. मी वहीत सगळ्यांचं लिहिलंय: कोण उशिरा थांबलं, कोणी किती पानं छापली, बारा तारखेला यादी पक्की झाल्यावर ती कोणी उघडली. सत्यजितने त्या दिवशी दोनदा उघडली. कशाला दोनदा? तिथल्या त्या वर्तमानपत्राची प्रत मी ग्रंथालयातून मागवली आहे. त्यात ओळ न् ओळ छापली आहे म्हणतात. आमच्या यादीशी ताडून बघतो. तो दोषी असेल तर मला ते पुराव्याने दाखवता येईल, मग परवाचा वाद उरणारच नाही.

तोवर फोन करू नकोस.

वासुदेव


ब्योब्लिंगेन
मंगळवार, २७ एप्रिल २००४

ताई,

मी सांगितलेलं न ऐकता तू काल फोन केलास ते बरं झालं, मी तेव्हा काही बोललो नाही ते त्याहून बरं. आज लिहितो. एका बैठकीत लिहितोय, खाडाखोड दिसली तर चालवून घे.

वर्तमानपत्र शनिवारी आलं. त्यांची भाषा मला येत नाही, पण आकडे आणि हुद्दे वाचता येतात. बंदरावरच्या छावणीतली जाणारी पदं: तीनशे बारा.

आमच्या पक्क्या यादीत तीनशे नऊ आहेत.

आधी वाटलं छपाईची चूक. मग हुद्द्यांप्रमाणे ताडत गेलो. गोदी कामगार जुळले, वाहनचालक जुळले, वाद्यवृंदाचे चौदा जुळले. आचारी जुळेनात. त्यांच्याकडे अकरा, आमच्याकडे आठ. तीन आचाऱ्यांचा फरक.

ते तीन आचारी मी वाचवले होते. बारा तारखेला, शुक्रवारी, चार वाजता. बाल्कनमध्ये जी पुढची तुकडी जायची होती तिचा स्वयंपाक या छावणीच्या आचाऱ्यांच्या भरवशावर होता. छावणी बंद, आचारी घरी, आणि शहाण्णव माणसं परदेशी डोंगरात पावाच्या पाकिटांवर! कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी क्लाइनर्टना म्हणालो, "पोटं यादीत नाहीत म्हणून पोटं नसतात असं नाही." ते हसले, आणि तीन पदं मोहिमेच्या खात्यात गेली. त्यानंतर यादी पक्की झाली. सत्यजितने दोनदा का उघडली तेही आता कळलं. बेरीज तीनशे बाराची तीनशे नऊ का झाली ते तो तपासत होता. त्याचं कामच होतं ते.

तेव्हा रविवारी सत्यजित यादी घेऊन गेला असता तर ती तीनशे नऊची असती. तीनशे बारा ही बेरीज त्याला माहीत होती, पण ओळ न् ओळ कच्ची यादी त्याच्याकडे कधी नव्हतीच. ती दहा तारखेला, बुधवारी, मोहोरबंद पाकिटातून तिथल्या मंत्रालयात गेली होती, अभिप्रायासाठी. इथे तिची एकच प्रत होती, माझ्या कपाटात. किल्ली माझ्या खिशात असते.

म्हणजे बातमी त्यांच्याच मंत्रालयातून फुटली. आमच्या अकरांपैकी कोणीच काही केलं नव्हतं. मी सहा आठवडे लोकांची पानं मोजत बसलो, आणि ज्याच्यावर संशय घ्यायला तीन आचाऱ्यांचा पुरावा होता असा इथे एकच माणूस होता. तो मी.

भिंत समोर, मी आणि वर्तमानपत्र. खोटं का बोलू, पहिला विचार सत्यजितचा आला नाही. पहिला विचार असा की हे क्लाइनर्टना दाखवलं तर ते विचारतील: हेर टिपणीस, वर्तमानपत्र सोळा तारखेलाच मिळत होतं, तुमच्यासारख्या माणसाने तेव्हाच का नाही ताडून पाहिलं? याला उत्तर आहे. तेव्हा मला पाहायचं नव्हतं.

तरी काल सकाळी गेलो. सगळं टेबलावर मांडलं. क्लाइनर्टनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "असं आहे, हे फार नाजूक आहे. मंत्रालयातून फुटलं असं गिऱ्हाइकाला कोणी सांगायचं? त्यांचा करार जूनमध्ये नवा व्हायचाय." मग म्हणाले, "संशय हा संशयच असतो. आमच्यापुरतं तुमचं भाषांतर पुरेसं आहे. पाच मेला न्यायालयात समेटाची पहिली तारीख आहे. तुम्ही आमच्या वकिलांबरोबर चला. काही बोलायचं नाही, फक्त बसा. न्यायाधीशाला दिसू दे की भाषांतर करणारा जबाबदार माणूस आहे." निघताना म्हणाले, "आणि तुमचाही करार सप्टेंबरमध्ये संपतो ना?" हे त्यांनी काळजीने विचारल्यासारखं विचारलं.

ताई, इथे एक गोष्ट तुझ्याखेरीज कोणाला माहीत नाही, पर्सोनालआबटाइलुंग, म्हणजे नोकरभरती विभागातल्या बाई सोडल्या तर. मला इथे येताना पदवी नसल्यामुळे मोठ्या पगाराच्या अटीवर परवाना मिळाला. ऑफिसात सगळ्यांना वाटतं मी पुणे विद्यापीठाचा. मी तसं कधी म्हटलं नाही. त्यांनी धरून चाललं, मी दुरुस्त केलं नाही. लोकांची अनारशांची प्रमाणं दुरुस्त करणारा माणूस.

ही नोकरी गेली तर बावन्नाव्या वर्षी, बिनपदवीचा, मला दुसरीकडे कोणी उभं करणार नाही. हे रडगाणं नाही, परिस्थिती आहे.

तू काल म्हणालीस, "तुझं तू बघ वासू, मी काही सांगणार नाही." तू काही सांगत नाहीस तेव्हा मला तुझी जास्त भीती वाटते.

वासू


ब्योब्लिंगेन
गुरुवार, ६ मे २००४

ताई,

काल दहा वाजून वीस मिनिटांनी पुकारा झाला. खोली छोटी, आपल्या तलाठी कचेरीपेक्षा थोडी मोठी. न्यायाधीश बाई, पन्नाशीच्या, चष्मा साखळीला बांधलेला. डावीकडे सत्यजित, त्याचा वकील, मागे निधी. उजवीकडे कंपनीचे वकील, क्लाइनर्ट आणि मी. निधीने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि पर्स उघडून त्यात काहीतरी शोधत राहिली.

बाईंनी कागद वाचले. चिठ्ठीवर आल्या. "एका शब्दाचे दोन उलट अर्थ, असं वादीचं म्हणणं. हे मला नवीन आहे. मग तुमच्याकडे लोक भेटीच्या वेळा ठरवतात कशा?" सत्यजितचा वकील काही बोलणार तोच कंपनीचे वकील म्हणाले, "भाषांतर करणारे गृहस्थ इथे हजर आहेत. मराठी त्यांची मातृभाषा आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही शपथबद्ध भाषांतरकार आहात?"

"नाही."

"भाषांतराचं काय शिक्षण झालंय?"

क्लाइनर्टनी टेबलाखाली माझ्या बुटाला बूट लावला. मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नसते, पण मी राहिलो. म्हणालो, "कायने. काहीही नाही. भाषांतराचं नाही, जर्मनचं नाही, कशाचंच नाही. मी मॅट्रिक आहे. सगळं माझं मी शिकलो. आणि हे भाषांतर चुकीचं आहे."

कंपनीचे वकील म्हणाले, "हे सारं आजच्या तारखेला..." बाईंनी हात वर केला. "बोलू द्या."

मी म्हणालो, "या वाक्यात क्रियापद नाही. त्याशिवाय काळ सांगता येत नाही. मला ते माहीत होतं. मला दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही माहीत होतं. मी तरी खात्री आहे म्हणालो." मग आचारी सांगितले. गिऱ्हाइकाचं नाव न घेता, तीनशे बारा आणि तीनशे नऊ एवढंच. बाईंनी आकडे लिहून घेतले आणि कारकुनाकडे वळून नोंदीत सांगितलं: साक्षीचं स्वरूप नाही, स्वेच्छेने केलेलं निवेदन, निवेदन करणाऱ्याकडे भाषांतराची कोणतीही पात्रता नाही. ते वाक्य त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं आणि मला विचारलं, बरोबर आहे का. मी हो म्हणालो. त्या खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. सत्यजितलाही.

त्यानंतर फार वेळ लागला नाही. समेट झाला: काढल्याची नोटीस रद्द, नोकरी कागदोपत्री सप्टेंबरअखेरपर्यंत चालू, म्हणजे परवाना तोवर शाबूत. आणि कामाचं प्रमाणपत्र स्वच्छ, संशयाचा एक शब्द नाही. त्याला तिथे परत जायचं नाही म्हणाला. उंटरश्लाइसहाइम नावाच्या गावात एका कंपनीने मुलाखतीला बोलावलंय, प्रमाणपत्र मिळालं की ये म्हणून. आता ते मिळेल.

बाहेर व्हरांड्यात क्लाइनर्ट कोट घालत म्हणाले, "शाडं, हेर टिपणीस." म्हणजे वाईट वाटतं. करार पुढे चालवणार नाहीत, हे त्यात आलं. मी त्यांना काही विचारलं नाही. माझ्याकडे सप्टेंबरपर्यंत वेळ आहे. तू काळजी करत बसू नकोस, आणि भाऊजींना सांगायचं असेल तर सांग, मला हरकत नाही.

स्टुटगार्टहून परत येताना तीच लोकल, तोच डबा. दुसऱ्या डब्यात जाणार होतो, दारं लागली. ते दोघं खिडकीपाशी बसले, मी दारापाशी उभा राहिलो. वाइहिंगेन स्टेशन गेलं. मग निधी उठून आली. "मामा, उभे का? जागा आहे ना."

मी गेलो. समोर सत्यजित, खिडकीबाहेर बघत. मग बाहेरच बघत त्याने विचारलं, "आईला पत्र लिहिणार असाल ना आज?"

"उद्या. आज कामाला जायचंय."

"काय लिहिणार?"

"जे झालं ते."

"मी तुम्हाला माफ केलं असं लिहू नका," तो म्हणाला. "आई विचारेल. रडेल पण. तरी लिहू नका. तुम्ही आज आलात, बोललात, ते मी पाहिलं. पण त्या दिवशी मी 'मामा' म्हटलं आणि तुम्ही क्लाइनर्टकडे बघून गेनाऊ म्हणालात. ते मला अजून ऐकू येतं."

मी म्हणालो, "बरं."

निधी म्हणाली, "सत्या, हळू बोल." तो काही मोठ्याने बोलत नव्हता.

म्हणून लिहितो, ताई. ही त्याची वाक्यं आहेत, एकही शब्द मी इकडचा तिकडे केलेला नाही. त्याने मला माफ केलेलं नाही. निधीने बसायला सांगितलं. मी बसलो.

तुझा
वासू